बारावीचे इंग्रजी आणि कामकऱ्यांची मुले

बारावीचे इंग्रजी म्हणजे व्याकरण आणि पत्रलेखन, असा पुष्कळांचा समज आहे. वस्तुतः २०२० साली आलेल्या ‘युवकभारती’त कादंबरीचा स्वतंत्र विभाग आहे. त्यात ई. आर. ब्रेथवेट यांच्या १९५९ सालच्या ‘टू सर, विथ लव्ह’चा उतारा आहे. ब्रेथवेट ब्रिटिश गयानाचे, शिकलेले इंजिनिअर. महायुद्धात ब्रिटिश विमानदलात होते; परंतु युद्ध संपताच कातडीच्या रंगापायी त्यांना कोणी कामावर घेईना. शेवटी लंडनच्या गरीब वस्तीत ते शिक्षक झाले. सोलापूरच्या गिरण्या बंद पडून ज्यांचे काम सुटले, त्यांच्या मंद्रूपातल्या नातवंडांना हे दुःख परके नाही. गाईडातल्या तयार उत्तरांत मात्र ते सापडत नाही. म्हणून मुलांनी आधी उतारा वाचावा, अडेल तेथे शब्दकोश पाहावा, गोष्ट घरी मराठीत सांगावी आणि मगच उत्तर आपल्या इंग्रजीत लिहावे.