गॅस्ट्रिक बँड: बसवण्याआधी काय ठरवावं, बसवल्यावर काय सांभाळावं

"बँड बसवला की जेवण आपोआप कमी होतं ना, डॉक्टर?" वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेची चौकशी करणारे बरेच जण हा प्रश्न विचारतात. जेवण कमी होतं, हे खरं. पण 'आपोआप' हा शब्द मात्र मला खटकतो. का, ते एका अनुभवातून सांगते.

काही वर्षांपूर्वी पंचेचाळिशीच्या एक शिक्षिका माझ्याकडे आल्या. छातीत जळजळ, रात्री झोपल्यावर खोकला आणि जेवल्यावर अधूनमधून उलटी. मी विचारलं, "आधी काही ऑपरेशन?" त्या म्हणाल्या, "सिझेरियन झालंय, बाकी काही नाही." मी ॲसिडिटीच्या गोळ्या दिल्या. तीन आठवड्यांनी त्या परत आल्या तेव्हा बऱ्याच खंगल्या होत्या. पोट तपासताना त्वचेखाली नाण्याएवढं काहीतरी कडक लागलं. "अहो, ते बँडचं बटण. बारा वर्षं झाली. त्याचा काय संबंध?" संबंध होता. बँड जागेवरून सरकला होता. उलट्या होऊनही त्या आल्या नाहीत, कारण त्यांना वाटत होतं, वजन उतरतंय म्हणजे बँड काम करतोय. आणि पहिल्याच दिवशी पोटाला हात लावून नीट तपासायला हवं होतं, ते मी केलं नव्हतं.

हा लेख दोन प्रकारच्या वाचकांसाठी आहे: बँडचा विचार करणाऱ्यांसाठी आणि ज्यांच्या पोटात बँड आधीपासून आहे त्यांच्यासाठी. दोघांनाही सांगायची गोष्ट एकच. बँड ही एकदा करून विसरून जायची शस्त्रक्रिया नाही. तो पोटात आहे तोवर त्याची देखभाल करावी लागते.

बँड म्हणजे नेमकं काय?

जठराच्या वरच्या टोकाला सिलिकॉनचा एक पट्टा गुंडाळला जातो. त्यामुळे पट्ट्याच्या वर एक छोटी पिशवी तयार होते आणि थोडं खाल्लं तरी पोट भरल्यासारखं वाटतं. पट्ट्याच्या आतल्या बाजूला फुगवता येणारी नळी असते. ती एका बारीक नळीने पोटाच्या त्वचेखाली बसवलेल्या 'पोर्ट'ला जोडलेली असते. पोर्टमध्ये खास सुईने काही मिलिलिटर सलाईन भरलं की बँड घट्ट होतो, काढलं की सैल होतो.

दुर्बिणीतून बसवायचा असा बँड पहिल्यांदा १९९३ साली बेल्जियममध्ये बसवला गेला आणि २००१ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. जठर कापावं लागत नाही, आतडं वळवावं लागत नाही आणि बँड परत काढता येतो, म्हणून तो झपाट्याने लोकप्रिय झाला. पुढे वर्षं गेली तशी बँड सरकणं, जठराच्या भिंतीत रुतणं, नळी गळणं अशा तक्रारी वाढल्या. पुन्हा शस्त्रक्रिया कराव्या लागणाऱ्यांची संख्या मोठी निघाली. त्यामुळे आज जगभरात आणि आपल्याकडेही बँड खूपच कमी बसवले जातात.

बँड, स्लीव्ह, बायपास आणि फुगा

नातेवाईक या चारही गोष्टींना 'वजनाचं ऑपरेशन' म्हणतात, पण त्या वेगवेगळ्या आहेत.

- बँड: काही कापलं जात नाही. वजन हळूहळू उतरतं. वारंवार घट्ट-सैल करून घ्यावा लागतो.
- स्लीव्ह: जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग कायमचा काढतात. सध्या सर्वांत जास्त केली जाणारी शस्त्रक्रिया हीच.
- बायपास: जठराची लहान पिशवी करून ती पुढच्या आतड्याला जोडतात. मधुमेहावर परिणाम चांगला होतो, पण जीवनसत्त्वांच्या गोळ्या आयुष्यभर चुकवून चालत नाही.
- फुगा (बलून): शस्त्रक्रिया न करता जठरात ठेवतात आणि साधारण सहा महिन्यांनी काढतात. हा तात्पुरता उपाय आहे.

बँडने सरासरी 'जादा' वजनाच्या ४० ते ५० टक्के वजन उतरतं, तेही दोन-एक वर्षांत. समजा तुमची उंची १६० सेंटीमीटर आणि वजन ९० किलो आहे. या उंचीला ६४ किलोच्या वरचं वजन जादा धरलं, तर जादा वजन २६ किलो. म्हणजे अपेक्षा साधारण १० ते १३ किलोंची ठेवावी. स्लीव्ह आणि बायपासमध्ये सरासरी यापेक्षा जास्त वजन उतरतं.

ही शस्त्रक्रिया कोणासाठी?

यासाठी बीएमआय पाहतात: वजन (किलो) भागिले उंचीचा (मीटर) वर्ग. वरच्या उदाहरणात तो ३५ येतो. आपल्या लोकांमध्ये पोटावरची चरबी आणि मधुमेह कमी वजनालाच सुरू होतात. म्हणून आशियाई लोकांसाठी बीएमआय ३७.५ च्या वर, किंवा मधुमेह, रक्तदाब, झोपेत श्वास अडकणे असे आजार असतील तर ३२.५ च्या वर, असे निकष बराच काळ वापरले गेले. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्ये आशियाई लोकांना २७.५ पासूनही शस्त्रक्रियेचा पर्याय देता येईल असं म्हटलं आहे.

विम्याचे निकष मात्र वेगळे असतात. पॉलिसीच्या प्रमाणित अटींनुसार साधारणपणे बीएमआय ४० किंवा त्याहून जास्त लागतो. ३५ च्या वर असेल तर सोबत हृदयविकार, तीव्र स्लीप ॲप्निया किंवा आटोक्यात न येणारा मधुमेह यांसारखा गंभीर आजार असावा लागतो. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया योग्य ठरवली तरी विमा मिळेलच असं नाही. विमा कंपनीकडून आधी लेखी उत्तर घ्या.

आता औषधांचाही पर्याय आहे. २०२५ मध्ये टिर्झेपाटाइड आणि वजनासाठीचं सेमाग्लुटाइड ही आठवड्यातून एकदा घ्यायची इंजेक्शनं भारतात आली. ती सगळ्यांना चालत नाहीत आणि थांबवल्यावर बहुतेकांचं वजन पुन्हा वाढतं. तरीही शस्त्रक्रिया ठरवण्याआधी डॉक्टरांशी त्यांबद्दल बोलून घ्या.

'हो' म्हणण्याआधी विचारायचे प्रश्न

"किती किलो उतरेल?" हा प्रश्न सगळेच विचारतात. माझ्या मते हे प्रश्न त्याहून महत्त्वाचे आहेत:

१. मला स्लीव्ह किंवा बायपास न सुचवता बँडच का सुचवताय?
२. पहिल्या वर्षात किती वेळा यावं लागेल आणि दर वेळचा खर्च किती?
३. रात्री पाणीसुद्धा उतरेनासं झालं तर कोणाला फोन करायचा? बँड सैल करणारं माझ्या गावाजवळ कोण आहे?
४. तुम्ही बसवलेल्या बँडपैकी किती पुढे काढावे लागले?
५. बँड काढावा लागला तर त्याचा खर्च पॅकेजमध्ये आहे का?

तिसऱ्या प्रश्नाचं ठोस उत्तर मिळत नसेल तर घाई करू नका. शस्त्रक्रिया मोठ्या शहरात होते, पण बँड घेऊन तुम्ही परत तालुक्याच्या गावी येता. तिथल्या दवाखान्यात पोर्टची खास सुई बहुधा नसते आणि साध्या सुईने टोचलं तर पोर्ट खराब होऊन गळू शकतो.

बँडसोबतचं रोजचं जेवण

शस्त्रक्रियेनंतर साधारण दोन आठवडे पातळ पदार्थ, पुढे दोन आठवडे कुस्करलेलं अन्न आणि मग हळूहळू नेहमीचं जेवण सुरू होतं. बँड पहिल्यांदा घट्ट करतात तो बहुधा चार ते सहा आठवड्यांनी. नंतर हे लक्षात ठेवा:

- घास सुपारीएवढा घ्या आणि त्याचा अगदी लगदा होईपर्यंत चावा. दोन घासांमध्ये थांबा.
- आधी डाळ, उसळ, अंडं, पनीर किंवा मासे खा. पोळी-भात नंतर.
- जेवताना पाणी किंवा ताक पिऊ नका. अर्धा तास तरी जाऊ द्या.
- ताजी मऊ पोळी, पाव, चिकट भात, मटण हे पदार्थ अडकू शकतात. अनेकांना पोळीपेक्षा चांगली चावलेली भाकरी सोपी जाते. तुम्हाला काय चालतं ते लिहून ठेवा.
- साबुदाण्याची खिचडी चिकट असते. उपवासाला ती जपून खा आणि दिवसभर उपाशी राहून रात्री एकदम जेवू नका.
- सोडा, कोल्ड्रिंक टाळा.

बँड घट्ट पदार्थांना अडवतो, पातळ आणि मऊ पदार्थांना नाही. श्रीखंड, आइस्क्रीम, लस्सी, गोड चहा सहज खाली उतरतात. पोळी त्रास देते म्हणून माणूस नकळत या पदार्थांकडे वळतो आणि वजन जागचं हलत नाही. असं होत असेल तर लाजू नका. डॉक्टरांना आणि आहारतज्ज्ञांना सांगा. बऱ्याचदा याचं कारण बँड जास्त घट्ट असणं हेच असतं.

घरच्यांसाठी एक विनंती. लग्नाच्या पंगतीत किंवा सणाच्या दिवशी आग्रह करू नका. आपल्याकडे तो प्रेमाचा असतो, पण बँड असलेल्या माणसाला एक जास्तीचा घास अर्धा तास बाथरूममध्ये काढायला लावू शकतो.

जास्त घट्ट म्हणजे जास्त चांगला नव्हे

बँड योग्य घट्ट असेल तर थोडं खाऊन समाधान होतं, पुढचे काही तास भूक लागत नाही आणि उलटी होत नाही. वरचेवर घास अडकणं, तोंडात फेसाळ लाळ येणं, रात्री खोकला, आडवं झाल्यावर अन्न घशाशी येणं ही बँड जास्त घट्ट असल्याची किंवा सरकल्याची लक्षणं आहेत. ती सोसत राहिलात तर वरची पिशवी आणि अन्ननलिका ताणली जाते. उलट्या होऊन उतरलेलं वजन हे यश नाही.

लगेच डॉक्टरांकडे कधी जायचं?

- पाणी किंवा स्वतःची थुंकीही गिळता येत नसेल
- पोटात किंवा छातीत अचानक तीव्र दुखत असेल
- काळी शौचास होत असेल किंवा उलटीत रक्त दिसत असेल
- ताप असेल, किंवा पोर्टची जागा लाल, सुजलेली, दुखरी झाली असेल
- दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त उलट्या होत असतील

पहिल्या तिन्ही गोष्टींत थांबू नका, तातडीने रुग्णालय गाठा. याशिवाय, बँड अचानक 'जाणवेनासा' झाला आणि जेवण एकदम वाढलं, तर नळी गळत असेल किंवा बँड जठरात रुतला असेल. दुखत नसलं तरी दाखवून घ्या. बऱ्याच वर्षांनी पोर्टच्या जागी पू होणं हीसुद्धा बँड रुतल्याची खूण असू शकते.

उलट्या लांबल्या की शरीरातलं बी-१ जीवनसत्त्व दोन-तीन आठवड्यांत संपू शकतं. चालताना तोल जाणं, एकाच्या दोन वस्तू दिसणं, गोंधळल्यासारखं होणं ही त्याची लक्षणं. अशा रुग्णाला बी-१ न देता नुसतं ग्लुकोजचं सलाईन लावलं तर मेंदूला इजा होऊ शकते. म्हणून रुग्णाला बँड आहे आणि इतके दिवस उलट्या होताहेत, हे नातेवाईकांनी पहिल्या वाक्यातच सांगावं.

औषधं, तपासण्या, गरोदरपण

मधुमेह आणि रक्तदाबाच्या औषधांचे डोस वजन उतरेल तसे कमी करावे लागतात. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड चालू असेल आणि जेवण निम्म्यावर आलं असेल, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. डोस स्वतःहून बदलू नका, पण डॉक्टरांकडे लवकर या. अंगदुखीच्या गोळ्या विचारल्याशिवाय घेऊ नका. मोठ्या गोळ्या अडकतात. मात्र कोणती फोडून चालते आणि कोणती नाही, ते आधी विचारा. हिमोग्लोबिन, बी-१२, ड जीवनसत्त्व या तपासण्या वर्षातून एकदा तरी करा.

शस्त्रक्रियेनंतर १२ ते १८ महिने गरोदरपण टाळावं. त्यानंतर राहिलं तर लवकर कळवा, गरज पडल्यास बँड सैल करता येतो.

शस्त्रक्रियेची तारीख, बँडची कंपनी, आत किती सलाईन आहे आणि सर्जनचा फोन असलेलं कार्ड पाकिटात ठेवा. त्याचा फोटो घरच्यांच्या मोबाईलमध्येही असू द्या. दातांच्या डॉक्टरांपासून एमआरआय करणाऱ्यांपर्यंत सगळ्यांना बँडबद्दल सांगा.

बँड काढावा लागला तर

त्या शिक्षिकाबाईंच्या बँडमधलं सलाईन काढल्यावर त्याच दिवशी त्यांना पाणी नीट पिता आलं. पुढे बँड काढावा लागला. नंतर वजन थोडं वाढलं, तेव्हा त्या मला म्हणाल्या, "मॅडम, म्हणजे मी हरलेच ना?"

मी नाही म्हटलं. बारा वर्षं त्यांचा मधुमेह आटोक्यात राहिला होता, ते फुकट गेलं नव्हतं. लठ्ठपणा हा दीर्घकाळ चालणारा आजार आहे आणि त्यात उपचार बदलावे लागतात, जसे रक्तदाबात गोळ्या बदलतो. बँड काढल्यावर वजन वाढणं शरीराच्या स्वभावातच आहे. म्हणून काढायचा ठरला की पुढे काय, औषध, स्लीव्ह की बायपास, हे त्याच भेटीत बोलून घ्या.

आणि तुमच्या पोटात जुना बँड असेल, काही त्रास नसेल, पण दोन-तीन वर्षांत कोणाला दाखवला नसेल, तर या महिन्यात एकदा दाखवून या. मूळ सर्जन सापडत नसले तरी चालेल. वजनाच्या शस्त्रक्रिया करणारे कोणतेही अनुभवी सर्जन तो तपासू शकतात.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. तुमच्या उपचाराचा निर्णय तुमच्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्या.)