निकालाआधीचे अपील

गेल्या वर्षी माझ्या चुलत भावाला निलंबनाचा आदेश मिळाला. एका सरकारी कार्यालयात तो लिपिक आहे. आमच्या घराण्यात कॉलेजात शिकलेला मी पहिला आणि सरकारी नोकरीत गेलेला तो पहिला. त्यामुळे कागद त्याच्या हातात पडला, पण अंधारून आले सगळ्या घराला. "तू शिकलेला आहेस. वर अपील कर आणि हे थांबव," असे तो म्हणाला. मी मराठीचा शिक्षक, कायद्याचा नव्हे. तरी नियमांची पुस्तके उघडावी लागली. त्यातून जे कळले ते इथे मांडतो, कारण असे कागद आज आपल्या अनेक घरांत येतात.

पहिली गोष्ट कटू आहे. अंतिम निर्णयापूर्वी प्रत्येक आदेशाविरुद्ध अपील करता येत नाही. राज्य शासनाच्या सेवकांना महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ लागू आहेत. त्यांनुसार चौकशीतील मधल्या आदेशांवर अपील नाही. चौकशी अधिकाऱ्याने दस्तऐवज नाकारला किंवा साक्षीदार बोलावला नाही, तरी तेवढ्यासाठी वर जाता येत नाही. दर पायरीला अपील होऊ लागले तर चौकशी संपायचीच नाही, हा त्यामागचा विचार. दोषारोपपत्रालाही न्यायालये सहसा मध्येच हात लावत नाहीत. आरोप म्हणजे शिक्षा नव्हे, अशी त्यांची भूमिका असते. ज्याला अधिकारच नाही अशाने ते दिले असेल, तर गोष्ट वेगळी.

मोठा अपवाद निलंबनाचा. निलंबन ही शिक्षा मानलेली नाही, तरी त्याविरुद्ध अपील करता येते. मुदत आदेश मिळाल्यापासून ४५ दिवसांची. तीन महिन्यांत दोषारोपपत्र दिले नाही तर निलंबन पुढे चालू ठेवू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली म्हटले आहे; हा मुद्दा अपिलात अवश्य घ्यावा. अपील करून सहा महिने झाले आणि निर्णय आला नाही, तर महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. १९८५ च्या कायद्याखाली हे न्यायाधिकरण १९९१ मध्ये सुरू झाले. अर्जाचा निकाल लागेपर्यंत ते अंतरिम आदेशही देऊ शकते. त्याच्या निर्णयाविरुद्ध उच्च न्यायालयाचे दार उघडे आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली स्पष्ट केले. खासगी शाळांतील शिक्षकांची वाट मात्र वेगळी. त्यांच्यासाठी १९७७ च्या कायद्याखालील शाळा न्यायाधिकरण आहे.

या काळात घर कसे चालायचे? निलंबित सेवकाला निर्वाह भत्ता मिळतो. सुरुवातीला तो अर्धपगारी रजेच्या वेतनाइतका असतो. तीन महिन्यांनंतर, विलंब सेवकामुळे झाला नसेल, तर तो वाढवता येतो. ही मेहेरबानी नव्हे. फौजदारी न्यायालयात शिक्षा झाली आहे पण अपील प्रलंबित आहे, अशा निलंबित सेवकाला महिना एक रुपया भत्ता देणारा नियम महाराष्ट्रात होता. सर्वोच्च न्यायालयाने तो १९८३ साली रद्द ठरवला. भत्ता न दिल्यामुळे ज्याला चौकशीच्या गावी जाता आले नाही, त्याच्या गैरहजेरीतील चौकशी त्याच न्यायालयाने १९७३ साली अवैध ठरवली होती.

मग मधल्या आदेशांपुढे गप्प बसायचे का? नाही. त्यांवर आज अपील नाही, पण अंतिम आदेशावरचे अपील त्यांच्याच आधारावर उभे राहते. कागद मागितले होते आणि नाकारले, बचावासाठी सहकारी मागितला होता आणि दिला नाही, हे त्या वेळी लेखी मांडलेले असेल तरच पुढे ते ऐकले जाते.

इथेच माझा भाऊ अडला होता. त्याने तीनदा कागद मागितले होते, तिन्ही वेळा तोंडी. साहेब "बघू" म्हणाले आणि हा परत आला. लिहून दिले तर साहेब दुखावतील, ही त्याची भीती. मला आजोबा आठवले. गावकीत हुकूम तोंडीच यायचा. हाक आली की जायचे. नकार नोंदवायला कुठे जागाच नव्हती. नियमांनी आज ती जागा दिली आहे आणि आपण ती कोरी ठेवतो.

त्या रात्री आम्ही दोघांनी अर्ज लिहिला: कोणते कागद हवेत, कशासाठी हवेत, आधी कधी मागितले. दुसऱ्या दिवशी त्याने तो आवक विभागात दिला. प्रतीवर शिक्का आणि तारीख मागताना हात कापत होता, असे तोच सांगतो. निलंबनाविरुद्धचे अपीलही ४१ व्या दिवशी गेले.

चौकशी अजून चालू आहे. निकाल काय लागेल ते मी सांगू शकत नाही. पण आता त्याच्या ट्रंकेत एक फाईल आहे आणि तिच्यातल्या प्रत्येक कागदावर शिक्का आहे. आपल्या वस्तीतल्या कार्यकर्त्यांनी, शिक्षकांनी एवढे केले तरी पुष्कळ होईल: आदेश मिळालेल्या माणसाशेजारी पहिल्याच आठवड्यात बसावे, दिवस मोजावेत आणि त्याच्याकडून लिहून घ्यावे.