चाकांची रेषा आणि व्यापाराची नीती

सुकाणू सरळ धरूनही मोटार एका अंगास ओढू लागली, अथवा टायर एकाच कडेने झिजू लागले, तर प्रथम हवा तपासावी. ती ठीक असल्यास चाकांची रेषा ढळली असे समजावे. एकाच आसावरील दोन चाकांच्या पुढील व मागील कडांमधील अंतरांचा फरक म्हणजे ‘टो’. तो टाय रॉडने जुळविता येतो. चाकाचा उभा कल म्हणजे ‘कॅम्बर’. १९८३ साली आलेल्या मारुती ८०० सारख्या स्ट्रटच्या पुष्कळ गाड्यांत तो बदलण्याची सोय मुळात नसते. तेथे स्ट्रटच्या एका बोल्टाऐवजी विकेंद्री कॅम्बर बोल्ट बसवितात. त्याने सुमारे एक-दीड अंशाचा फेर साधतो. मात्र वाकलेला स्ट्रट किंवा झिजलेला बुश तसाच ठेवून बोल्ट घालणे म्हणजे रोग झाकणे होय. भाग बदलल्यावर रेषा पुन्हा मोजून घ्यावीच.

हिमायतनगरच्या वाहनधारकास राणीगंजच्या बाजारात मूळ कंपनीचे व इतरांचेही भाग मिळतात. इतरांचा माल हलकाच असतो असे नव्हे. परंतु नाव एकाचे आणि घडण दुसऱ्याची, असा माल घातक होय. टाय रॉडचा सांधा निसटला की चाकावरील ताबाच जातो. ‘तत्त्वार्थसूत्रा’त अस्तेयव्रताच्या पाच अतिचारांत ‘प्रतिरूपक व्यवहार’ गणला आहे, तो हाच. ग्राहकाने पक्की पावती मागावी. व्यापाऱ्याने ती मागण्यापूर्वीच द्यावी.