पाव मिलिमीटरचा हिशेब

जुन्या बेसबॉल कार्डाचं ग्रेडिंग करणारा, म्हणजे त्याचा दर्जा ठरवणारा जाणकार मोजपट्टी लगेच हातात घेत नाही. आधी तो कार्ड हातभर लांब धरतो आणि नुसतं बघतो. खेळाडूचं चित्र चौकटीत मधोमध बसलंय, की एका अंगाला सरकलंय? एवढंच त्या पहिल्या नजरेत पाहायचं असतं. कोपरे, कडा, पृष्ठभागावरच्या चिरा यांची पाळी नंतर येते, तीही भिंगाखाली. चित्राचं मधोमध बसणं, म्हणजे सेंटरिंग, मात्र भिंगाशिवाय कळतं, आणि एकदा खटकलं की खटकतच राहतं.

अमेरिकेत बेसबॉलपटूंची चित्रं असलेली कार्डं आधी सिगारेटच्या पाकिटातून आणि पुढे च्युइंगगमबरोबर विकली गेली. त्या काळी त्यांची किंमत एक-दोन सेंटांच्या पलीकडे नव्हती. आज त्यांचे लिलाव होतात. लिलावाआधी कार्ड ग्रेडिंग कंपनीकडे जातं, तिथे त्याला १ ते १० मधला दर्जा मिळतो आणि ते पारदर्शक प्लास्टिकच्या डबीत कायमचं बंद होतं. ‘पीएसए’ ही त्यातली सगळ्यात मोठी कंपनी १९९१ मध्ये सुरू झाली. ‘एसजीसी’ आणि ‘बेकेट’ या तिच्या पाठोपाठ आलेल्या.

मोजायची रीत सोपी आहे. चित्राच्या डावीकडचा पांढरा पट्टा मोजायचा, उजवीकडचा मोजायचा, दोन्हींची बेरीज शंभर धरायची. डावीकडे २ मिलिमीटर आणि उजवीकडे ३ मिलिमीटर भरले, तर सेंटरिंग ६०/४०. वर-खाली हाच हिशेब पुन्हा करायचा आणि दोन्हींतला जो वाईट असेल तो धरायचा. पीएसएच्या मापदंडात ९ दर्जासाठी पुढची बाजू ६०/४० किंवा त्याहून चांगली लागते, ८ साठी ६५/३५ आणि ७ साठी ७०/३० चालतं. १० हवा असेल, तर ५५/४५ च्या आसपास असावं लागतं. मागच्या बाजूला बरीच मोकळीक आहे. तिथे ९०/१० असूनही कार्ड ९ वर जाऊ शकतं.

वाचायला हे मोठे फरक वाटतात. पट्टीवर ते किती होतात ते पाहा. दोन्ही पट्टे मिळून ५ मिलिमीटर असलेलं कार्ड पाव मिलिमीटर सरकलं की ५५/४५ होतं आणि अर्धा मिलिमीटर सरकलं की ६०/४०. म्हणजे १० आणि ९ मधलं अंतर पाव मिलिमीटरचं. पट्टे अरुंद असतील, तर हिशेब आणखी निष्ठुर होतो. १९०९ ते १९११ मधली ‘टी२०६’ ही तंबाखूची कार्डं जेमतेम ३६ मिलिमीटर रुंद. त्यातल्या एखाद्याचे दोन्ही पट्टे मिळून ३ मिलिमीटर आहेत असं धरलं, तर तोच अर्धा मिलिमीटर त्याला थेट ६७/३३ वर नेतो. छपाईतली चूक तेवढीच, पण एक कार्ड ९ वर टिकतं आणि दुसरं ७ पर्यंत घसरतं.

ही चूक होते कुठे? कार्डं एकेक छापली जात नव्हती. मोठ्या शीटवर शेजारी शेजारी छापायची आणि नंतर शीटची चळत कटिंग मशीनखाली सरकवायची, अशी पद्धत होती. चळत जरा हलली, कागद दमट हवेत थोडा ताणला गेला, पातं बोथट झालं, तर आख्ख्या ओळीतली कार्डं एकाच दिशेला सरकलेली निघत. चळत तिरकी बसली, तर कार्ड तिरकं कापलं जाई. मग पट्टा वरच्या टोकाला रुंद आणि खालच्या टोकाला अरुंद दिसतो. असं कार्ड भिंतीवर वाकड्या टांगलेल्या तसबिरीसारखं डोळ्याला सलतं, आणि इथे नुसतं गुणोत्तर पुरत नाही. मध्यावर मोजलं, तर ते बिनचूक भरू शकतं. म्हणून पट्टा दोन्ही टोकांना मोजावा लागतो.

शंभरातल्या आकड्यांवर सगळं सोडलेलं नाही, ही मला या कामातली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट वाटते. ७ आणि त्यावरच्या दर्जांसाठी पीएसए ग्रेडरला पुढच्या बाजूच्या सेंटरिंगमध्ये ५ टक्क्यांची सूट देऊ देते, पण कार्ड एकंदरीत देखणं असेल तरच. उलट, बाकी सगळं ८ च्या तोडीचं आणि फक्त सेंटरिंग ढासळलेलं असेल, तर डबीवर ८ च्या पुढे ‘ओसी’ ही अक्षरं येतात. म्हणजे ऑफ सेंटर. संग्राहकांच्या संचांना गुण देणाऱ्या पीएसएच्या संग्रह-यादीत अशा शेऱ्यासाठी दोन गुण कापले जातात.

टॉप्स कंपनीच्या १९५२ च्या मालिकेतलं बेसबॉलपटू मिकी मँटलचं ३११ क्रमांकाचं कार्ड घ्या. शीटवर ते दोनदा छापलं गेलं होतं, म्हणजे त्याच शीटवरच्या इतर कार्डांच्या मानाने ते दुर्मीळ नाही. त्या मालिकेतला न विकलेला माल १९६० मध्ये कंपनीच्या साय बर्गर यांनी अटलांटिकमध्ये बुडवला, हेही खरं. तरी जी कार्डं उरली, त्यातली मधोमध कापलेली शोधायला डोळ्यांत तेल घालावं लागतं. पीएसएचा १० दर्जा मिळालेली फक्त तीन आहेत. एसजीसीने पुढे ९.५ दिलेलं एक मँटल १९९१ मध्ये ५० हजार डॉलरला विकलं गेलं होतं. तेच ऑगस्ट २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं.

एवढा पैसा आला की कात्रीही येते. रुंद बाजूचा पट्टा थोडासा कापला की दोन्ही बाजू सारख्या दिसतात, कडाही नव्या धारदार होतात. पीएसएने सगळ्यात आधी ग्रेड केलेलं कार्ड म्हणजे टी२०६ मालिकेतलं बेसबॉलपटू होनस वॅग्नरचं, दर्जा ८. हॉकीपटू वेन ग्रेट्स्की आणि त्यांच्या संघाचे मालक ब्रूस मॅकनॉल यांनी ते १९९१ मध्ये ४ लाख ५१ हजार डॉलरला घेतलं होतं. ते बाजारात आणणाऱ्या बिल मॅस्ट्रो यांनी २०१३ मध्ये शिकागोच्या न्यायालयात कबूल केलं, की त्या कार्डाच्या बाजू आपण कापल्या होत्या. म्हणून सेंटरिंग फारच सुरेख दिसलं, की अनुभवी ग्रेडर खूश होण्याआधी कार्डाची लांबी-रुंदी तपासतो. १९५२ च्या टॉप्सची रुंदी सव्वासहासष्ट ते सदुसष्ट मिलिमीटरच्या दरम्यान भरायला हवी, उंची पंच्याण्णवच्या आसपास.

माझा कौल सरकलेल्या, पण अखंड कार्डाला आहे. कारखान्याच्या पात्याने केलेली चूक त्या कार्डाच्या इतिहासाचा भाग आहे, नंतर केलेली कापाकापी ही फसवणूक आहे. जुनं कार्ड विकत घेणाऱ्याने दर्जाच्या आकड्यावर पैसे मोजण्याआधी पट्टी हातात घ्यावी: आधी चारही बाजू मोजाव्यात, मग चारही पट्टे.