आधी विचारा, मग हाक मारा

दिंडोरीच्या द्राक्षबागांत ऑक्टोबर छाटणी उरकली की डाउनी रोगाची धास्ती सुरू होते. म्हणून बऱ्याच बागांत आता खांबावर हवामानाची पेटी दिसते. पाऊस, आर्द्रता, पानावरचा ओलावा मोजणारी ही पेटी एकदा वर चढली की वर्षानुवर्षं तिथंच राहते. अशा पेटीत लिनक्स चालवायचं झालं, तर त्याचं कर्नल दुरूनही बदलता येतं. चिपसोबत आलेलं फर्मवेअर मात्र सहसा कुणी हलवत नाही, कारण ते लिहिलं जात असतानाच वीज गेली तर पेटी निकामी व्हायची. त्यामुळे नव्या कर्नलला जुन्या फर्मवेअरसोबत नांदावंच लागतं. रिस्क-फाइव्ह प्रोसेसरांत हा संसार सांभाळणारी व्यवस्था म्हणजे सुपरवायजर बायनरी इंटरफेस, अर्थात एसबीआय.

रिस्क-फाइव्ह हा आज्ञासंच २०१० साली बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात आकाराला येऊ लागला. तो खुला असल्यामुळे कुणीही परवाना शुल्क न भरता त्यावर चिप घडवू शकतं. मद्रास आयआयटीची ‘शक्ती’ आणि पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकची ‘वेगा’ ही त्याचीच भारतीय फळं. एप्रिल २०२२ मध्ये केंद्र सरकारने याच पायावर ‘डिर-व्ही’ कार्यक्रम जाहीर केला. चिप घडवणारे अनेक, प्रत्येकाचं फर्मवेअर आपापलं, आणि त्या सगळ्यांवर चालायचं एकच लिनक्स कर्नल, अशी ही स्थिती आहे.

या प्रोसेसरमध्ये अधिकाराच्या पायऱ्या आहेत. सर्वांत वरच्या अधिकाराने फर्मवेअर चालतं, त्याखाली कर्नल, त्याखाली आपली ॲप्लिकेशन्स. टायमर लावणं, दुसऱ्या कोअरला जागं करणं, यंत्र बंद करणं यांसारख्या कामांसाठी कर्नल फर्मवेअरला हाक मारतं. ‘ईकॉल’ ही एकच आज्ञा. त्याआधी ए-७ या रजिस्टरमध्ये कामाचा क्रमांक ठेवायचा, आणि उत्तर ए-० मध्ये यायचं.

पहिल्या, ०.१ आवृत्तीत अशी कामं फक्त नऊ होती, क्रमांक ० ते ८. शून्य म्हणजे टायमर लावा, एक म्हणजे पडद्यावर एक अक्षर छापा, आठ म्हणजे बंद व्हा. यातलं कोणतं काम फर्मवेअरला येतं हे आधी विचारायची सोय मात्र नव्हती. तहसील कचेरीत चौकशीची खिडकीच नसावी आणि प्रत्येक खिडकीसमोर रांग लावूनच दाखला मिळतो की नाही ते कळावं, तसा हा कारभार. शिवाय उत्तराला एकच रजिस्टर, म्हणजे चूक आणि माहिती दोन्ही एकाच वाटेने येणार.

हा प्रश्न फक्त रिस्क-फाइव्हला पडलेला नाही. १९८१ च्या आयबीएम पीसीत स्मृतीच्या अगदी सुरुवातीला २५६ पत्त्यांचा तक्ता असे. क्रमांक देऊन काम मागितलं की प्रोसेसर त्या क्रमांकासमोरच्या पत्त्यावर जाई. पण त्या पत्त्यावर खरंच काही काम आहे की नाही, हे तक्ता सांगत नसे. एआरएम प्रोसेसरांच्या पीएससीआय या अशाच संकेतातही पहिल्या आवृत्तीत कामांचे क्रमांक यंत्राच्या वर्णनपत्रात लिहून द्यावे लागत. नेमके क्रमांक आणि ‘हे येतं का’ असं विचारायची सोय पुढच्या आवृत्त्यांत आली.

एसबीआयची ०.२ आवृत्ती मला या सगळ्या कहाणीतला सर्वांत शहाणा टप्पा वाटतो. तिने कामांचे गट पाडले. ए-७ मध्ये गटाचा क्रमांक, ए-६ मध्ये गटातल्या कामाचा. चूक ए-० मध्ये, माहिती ए-१ मध्ये. गटांचे क्रमांक बहुतेक इंग्रजी अक्षरांचेच संकेत आहेत. टायमरच्या गटाचा क्रमांक टी, आय, एम, ई या अक्षरांचे संकेत जोडून होतो: ५४, ४९, ४डी, ४५. यात एक गट सक्तीचा आहे, ‘बेस’. तो आवृत्ती सांगतो, फर्मवेअर कुणाचं ते सांगतो आणि अमुक गट आहे का याचं उत्तर देतो. नसलेलं काम मागितलं तर उणे दोन परत येतं, म्हणजे ‘हे मला येत नाही’. माझ्या मते उणे दोन हा या संकेतातला सर्वांत मोलाचा आकडा आहे. ‘नाही’ असं नि:संदिग्ध सांगणारं फर्मवेअर असलं की कर्नलला दुसरी वाट शोधता येते.

कर्नल हे कसं वापरतं ते पाहण्यासारखं आहे. सुरू होताच ते आवृत्ती विचारतं. धड उत्तर आलं नाही तर समोर ०.१ आहे असं धरून चालतं. नवी आवृत्ती असेल तर टायमरचा गट आहे का, असं एकदाच विचारतं आणि त्यानुसार नव्या किंवा जुन्या फंक्शनचा पत्ता एका पॉइंटरमध्ये लिहून ठेवतं. पुढे टायमर सेकंदाला शेकडो वेळा लावावा लागला तरी पुन्हा चौकशी नाही. प्रत्येक ईकॉलला रजिस्टरं जपून ठेवायची, वर जायचं, काम करून परत यायचं, एवढा खटाटोप असतो. तो चौकशीपायी दरवेळी कशाला करायचा? लिनक्समध्ये हा आधार ५.७ आवृत्तीत, २०२० साली आला. आतिश पात्रा यांनी तो लिहिला.

लिनक्सच्या त्याच आवृत्तीत एचएसएम हा कोअर चालू-बंद करणारा गटही आला. त्याआधी सगळे कोअर एकदम कर्नलमध्ये घुसत आणि पहिला कोण हे चक्क सोडतीने ठरे. त्या व्हेरिएबलचं नावच ‘हार्ट लॉटरी’. आता एकच कोअर आत येतो आणि बाकीच्यांना कर्नल सवडीने हाक मारतं.

हे सगळं पाहायला रिस्क-फाइव्हची चिप लागत नाही. दिंडोरीत घरी बसून साध्या लॅपटॉपवर चिपची नक्कल करणारं क्यूएमू चालवलं की पुरतं. त्यासोबतच ओपनएसबीआय येतं. वेस्टर्न डिजिटलमध्ये असताना अनुप पटेल यांनी हात घातलेलं हे खुलं फर्मवेअर आहे. आधी त्याचं मोठ्या अक्षरांतलं नाव उमटतं, मग एसबीआयची आवृत्ती. क्षणात कर्नलच्या ओळी धावू लागतात आणि त्यांत दिसतं: अमुक आवृत्ती सापडली, टायमरचा गट सापडला. वरच्या ओळी फर्मवेअरच्या, खालच्या कर्नलच्या. दोघांची गाठ पडली ती जागा पडद्यावर बोट ठेवून दाखवता येते.

संकेत पुढे वाढतच गेला. एकेक अक्षर छापणाऱ्या जुन्या कामाच्या जागी २.० मध्ये अख्खी ओळ एकदम पाठवणारा गट आला. नव्या चिपांत तर टायमर कर्नल स्वतःच लावू शकतं, तिथे हाकेचीही गरज नाही. जुनी नऊ कामं अजून कर्नलच्या एका पर्यायामागे राखून ठेवली आहेत. जुनं फर्मवेअर वापरातून गेलं की हा पर्यायही काढला जाईल, अशी नोंद त्या पर्यायापाशीच लिहिलेली आहे.