एक्स-रेची वाकणारी पाटी

आपल्या सातारा-सांगली भागात एक्स-रेला आजही ‘फोटो’ म्हणतात. ‘मिरजेला नेऊन छातीचा फोटो काढला,’ एवढे म्हटले की ऐकणाऱ्याला सारे समजते. मिरजेत डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली मिशनचे रुग्णालय काढले आणि पुढच्याच वर्षी जर्मनीत राँटगेन यांना क्ष-किरण सापडले.

हा फोटो निघतो कसा? क्ष-किरण मांसातून सहज आरपार जातात, हाडातल्या कॅल्शियमपाशी बरेचसे अडतात. पलीकडे पोचलेले किरण टिपायला काही तरी लागते. पूर्वी चांदीच्या क्षाराचा लेप दिलेली फिल्म ते काम करी. आता तिच्या जागी डिजिटल पाटी आली. चित्र क्षणात पडद्यावर दिसते. पण ही पाटी बहुधा काचेवर घडवलेली, म्हणून ताठ आणि सपाट. आपले अंग कुठे सपाट आहे? खांदा गोल, जबडा वळलेला. अवयव आणि पाटी यांत अंतर राहिले की चित्र पुसट येते. मग पुन्हा फोटो, पुन्हा किरणांचा मारा. लहान मुलांना तो जितका कमी, तितका बरा.

मग वाकणारी पाटी का करत नाहीत? अडचण अशी, की किरण अडवायला शिसे, बिस्मथ, आयोडीन यांसारखे जड अणू लागतात. प्लास्टिक वाकते, पण त्याचे अणू हलके. किरण त्यातून निसटतात. जड पदार्थांचे स्फटिक किरण अडवतात, पण वाकवले की तडकतात.

यावर पेरोव्हस्काइट नावाच्या पदार्थांनी वाट दाखवली. या नावाचे खनिज १८३९ साली उरल पर्वतात सापडले. अणूंची तशीच मांडणी असलेली शिसे-आयोडीनची संयुगे आता प्रयोगशाळेत द्रावणातून बनवतात. ती किरण शोषून थेट विजेचा संकेत देतात. संकेत ठळक, म्हणून थोडे किरणही पुरतात. २०२० साली अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या संशोधकांनी असे पदार्थ नायलॉनच्या सच्छिद्र पडद्यात भरले. हळदीचा नुसता लेप वाळला की भेगाळतो. फडक्यात मुरवलेला लेप मात्र गुडघ्याभोवती गुंडाळता येतो. तसेच हे.

अजून बरेच बाकी आहे. शिसे विषारी. दमट हवेत हे पदार्थ बिघडतात. महाबळेश्वरच्या पावसाळ्यात टिकेल, तीच पाटी आपल्या कामाची. शिशाऐवजी बिस्मथ वापरून पाहण्याचे प्रयत्नही चालू आहेत.

डिसेंबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या देशव्यापी क्षयरोग मोहिमेत हाती धरायची एक्स-रे यंत्रे वापरली गेली. त्यांच्या जोडीला हलकी, न फुटणारी पाटी मिळाली, तर खोकणाऱ्या ऊसतोड मजुराला रोजगार बुडवून मिरज गाठावी लागणार नाही. फोटोच त्याच्या फडावर येईल.