मनोरे, ताणतारा आणि पाखरे

शिवारात मोबाइलचा मनोरा उभा राहिला आणि थोड्याच वर्षांत ओसरीवरील चिमण्या दिसेनाशा झाल्या, ही तक्रार ग्रामसेवकांच्या कानी वारंवार येते. दोन गोष्टी एकापाठोपाठ घडल्या की पहिलीमुळे दुसरी घडली असे मन सहज मानते. मनोऱ्यांमुळे पाखरे मरतात हे खरे आहे. परंतु त्याचे सिद्ध झालेले कारण लोक समजतात त्याहून निराळे आहे.

लाव्यांच्या संवर्धनाबद्दल ख्यातनाम असलेले हर्बर्ट स्टॉडर्ड यांनी १९५५ साली अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्यात, टॅलाहासी शहराजवळच्या एका दूरचित्रवाणी मनोऱ्याखाली नित्य पहाटे जाऊन मृत पाखरे वेचण्यास आरंभ केला. पुढे इतरांनी ते काम चालविले. २९ वर्षांत तेथे सुमारे ४४,००० पाखरे मिळाली. त्यांतील बहुतेक रात्री स्थलांतर करणारी लहान पाखरे होती.

निरभ्र रात्री अशी पाखरे मनोऱ्यावरून उंच निघून जातात. आभाळ खाली उतरले किंवा धुके दाटले म्हणजे तारे दिसेनासे होतात, पाखरे खाली येतात आणि विमानांना इशारा म्हणून मनोऱ्यावर लावलेल्या तांबड्या दिव्यांच्या उजेडात सापडतात. भोवतालच्या काळोखात शिरण्यास ती धजत नाहीत. तेथेच घिरट्या घालीत असता मनोऱ्याला चहूबाजूंनी ताणून धरणाऱ्या पोलादी तारांवर ती आदळतात. जानेवारी १९९८ मध्ये कॅन्सस राज्याच्या पश्चिम भागात, हिमवृष्टी व धुके असता, एका रात्रीत लॅपलँड लाँगस्पर जातीची हजारो पाखरे अशीच मेली. अमेरिका व कॅनडा मिळून वर्षाला सुमारे ६८ लाख पाखरे मनोऱ्यांपायी मरतात, असा अंदाज २०१२ साली प्रसिद्ध झाला.

उपाय मात्र अगदी साधा निघाला. मिशिगन राज्यातील संशोधकांना २००९ साली असे आढळले की, ज्या मनोऱ्यांवर अखंड जळणारे दिवे नसून केवळ लुकलुकणारे दिवे होते, त्यांच्याखाली मृत पाखरे ५० ते ७१ टक्के कमी होती. २०१५ च्या अखेरीस तेथील विमान वाहतूक खात्याने त्यानुसार नियम बदलले. दिवे कमी झाले, विजेचीही बचत झाली. इतका स्वस्त उपाय शेतीच्या कामातही क्वचितच हाती लागतो!

आपल्या खेड्यांतील मनोरे त्या मानाने ठेंगणे असून बहुधा चार पायांवर ताणतारांवाचून उभे असतात. त्यांच्या पोलादी सांध्यांत कावळे खुशाल घरटी बांधतात. राहिला प्रश्न लहरींचा. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने २०१० साली त्यासाठी तज्ज्ञ समिती नेमली. तिने पाहिलेल्या शेकडो अभ्यासांत पाखरांविषयीचे फारच थोडे होते. तरीही सावधगिरी म्हणून, जुन्या मनोऱ्यापासून एक किलोमीटरच्या आत नवा मनोरा उभारू नये, असा सल्ला मंत्रालयाने २०१२ साली दिला. त्याचे पालन जरूर व्हावे; परंतु चिमण्या लहरींनीच नाहीशा केल्या असे म्हणण्यास पुरावा नाही. भारतातील पक्ष्यांविषयीच्या २०२० सालच्या अहवालात देशातील चिमण्यांची संख्या एकंदरीने स्थिर आढळली. घट दिसली ती मुख्यत्वे मोठ्या शहरांत.

तेव्हा ज्या गावी चिमण्या खरोखर कमी झाल्या असतील, तेथे ग्रामसेवकाने मनोऱ्याकडे बोट दाखविण्यापूर्वी छपराकडे व शेताकडे पाहावे. कौलारू घराच्या वळचणीला चिमणीला जागा मिते. सिमेंटच्या सपाट छताला तशी फट नसते. दुसरे असे की, चिमणी दाणे टिपणारी असली तरी पिलांना अळ्या व किडेच भरविते. घराभोवतीच्या भाजीपाल्यावर कीड नसतानाही औषध फवारले, तर घरट्यातील पिले उपाशी मरतात. भिंतीत वा वळचणीखाली एखादे लाकडी खोके टांगावे आणि फवारणी कीड मोजूनच करावी.

ज्यांच्याकडे मनोऱ्यासाठी जागेची मागणी येईल, त्यांनी भाड्याबरोबर आणखी दोन गोष्टी करारापूर्वी विचारून घ्याव्यात: मनोरा ताणतारांचा आहे काय, आणि त्यावरचा दिवा अखंड जळणारा की लुकलुकणारा. मनोरा एकदा उभा राहिल्यावर त्याच्या तारा काढता येत नाहीत.